मथुरेचे उपास

"बुधवारचो खयचो गो उपास, वयनी?" नर्मदेने विचारलं. तिच्या पुढ्यात बांगड्याचं तिखलं होतं आणि उकड्या तांदळाचा वाफाळता भात.

"माजो आसा," मथुरा म्हणाली आणि पाण्याचा तांब्या उचलून मागीलदारी गेली.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे तिचे जुनेच होते. लग्नाला वर्षं लोटली तरी मूल नव्हतं. सासूने, काशीबाईंनी, एकेक उपास सांगितला आणि तिने तो धरला. नवरा शंकर मालवणच्या बाजारात काथ्याचे दोर विकायचा. तो ह्यात कधी पडला नाही. मग धाकट्या दिराची बायको म्हणून नर्मदा आली. चतुर्थीला चंद्र उगवायच्या आधीच ती खोबऱ्याची कातळी चघळताना सापडायची. आणि गोवा पोर्तुगीजांपासून सुटल्याच्या पुढच्या वर्षी तिलाच दिवस गेले.

तेव्हापासून मथुरेला तिचं जेवण बघवेना. नर्मदेने भुरका मारला की ही पाठ फिरवून बसे. खाणारीला मिळतं आणि न खाणारीला नाही? तिने मंगळवार धरला, मग बुधवार. वरीचे तांदूळ सोडले, रताळी सोडली. चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या पडल्या.

मग तिची पाळी चुकली. पुढचीही चुकली. काशीबाईंच्या ते ध्यानात आलं.

"तू बाहेर बसूक नाय गो मथुरा?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "भांडी ऱ्हवांदे. नर्मदा घासतली."

पोट सावरत नर्मदा उठली. मथुरा बसून राहिली. तिला इतकं बरं आजवर कधी वाटलं नव्हतं.

शंकर तिला डॉक्टर शुभदाबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"दिवस गेलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "खाता काय तुम्ही?"

मथुरेने उपास सांगितले. सांगताना मान ताठ होती.

"डोक्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती रक्तातून गर्भाशयाच्या बाजूला निरोप धाडते, म्हणून पाळी येते. त्या निरोपांना आम्ही हार्मोन म्हणतो. अंगात अन्नच नसेल तर शरीर म्हणतं, हिचाच जीव आधी राखू, मूल कुठून पोसणार? मग निरोप बंद."

"म्हणजे... मीच बंद केले?"

"आधी मूल का नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. पण पाळी उपासांनीच थांबली आहे. जेवा. पाळी येईल. त्यापुढचं वचन मी देत नाही."

वाटेत ती शंकरला एवढंच म्हणाली, "घरात मी सांगतंय. तुमी काय बोलू नकात."

घरी तिने सांगितलं. काशीबाई उठून आत गेल्या. नर्मदा मागीलदारी भांड्यांपाशी बसली होती. मथुरेने तिच्या हातातून काथ्या घेतला.

"ऊठ. मी घासतंय."

"वयनी, माका वाईट वाटता गो."

"तुका कित्याक वाईट वाटूक व्हया?" मथुरा खेकसली.

त्या दुपारी ती जेवायला बसली. तिने पहिला घास उचलला. समोर नर्मदा दुसऱ्यांदा भात घेत होती. मथुरेने तेही बघितलं आणि आपला घास गिळला. मत्सर गेला नव्हता. त्याच्यासकट ती जेवत राहिली, सोमवारीसुद्धा.

नर्मदेला मुलगी झाली. बारशाच्या सकाळीच मथुरा कित्येक महिन्यांनी बाहेर बसली. पाळण्याला हात लावता येणार नव्हता. घर बायकांनी भरलं. शेजारची तुळसा मागीलदारी डोकावली आणि हळहळली, "अरे देवा! आजच काय ता?"

"आजच," मथुरा म्हणाली.

दुपारी काशीबाई स्वतः केळीचं पान घेऊन आल्या. तिला शिवू नये म्हणून त्यांनी ते लांबूनच ठेवलं. मग तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं,

"पाळी इली?"

"इली."

"आजून भात वाढू?"

"वाढा, आये."

आत पाळणा सुरू झाला. कोणीतरी बाळाच्या कानात नाव सांगितलं. गलबल्यात ते मथुरेला ऐकू आलं नाही. तिने पान पुढे ओढलं, भाताचं आळं केलं आणि सासूने वरून ओतलेली आमटी कडेने वाहून जाऊ नये म्हणून हात आडवा धरला.