सुभेदाराच्या सहा गोळ्या

मी सुभेदार. जात डॉबरमन, मुक्काम हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. नावावर जाऊ नका. मध्यंतरी माझी सगळी सुभेदारी धुळीला मिळाली होती. कशी, ते मीच सांगतो. कारण खरं काय चाललंय हे घरात एका माणसाला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं; ते माणूस बोलत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं.

जन्म उल्हासनगरचा, पडद्यांच्या कापडाच्या दुकानामागचा. दुकानदाराने मला उचलून संतोषच्या हातात ठेवलं. "साईं, शेर है शेर. कोई गेट को हाथ नहीं लगाएगा."

संतोष अंबरनाथ एमआयडीसीत कामाला. तो ड्युटीवर गेला की त्याची आई, अंजनीबाई, घरी दिवसभर एकट्या. त्यांना सोबत म्हणून मी. मनातल्या मनात मीही त्यांना आईच म्हणतो. पाच वर्षं मी इमानाने पहारा केला. कुरिअरवाला गेटबाहेर उभा राहूनच "काकू, पार्सल!" म्हणून ओरडायचा.

मग अंगात काहीतरी शिरलं. खाणं तेवढंच, पण वजन वाढत चाललं. दिवसभर झोप. एप्रिलच्या उकाड्यात लोक पंख्याखाली बसत आणि मी उन्हाचा तुकडा शोधत फिरे. दोन्ही कुशींवरचे केस गेले, कातडी काळवंडली. खाज मात्र अजिबात नाही. संतोष म्हणाला, "खाऊन खाऊन सुस्तावलाय." माझी एक चपाती कमी झाली आणि कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ सुरू झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

एका दुपारी आई आत झोपलेल्या असताना एक माणूस गेट उघडून आला आणि पाण्याची मोटर काढून घेऊन गेला. मी सगळं पाहिलं. उठावंसं वाटलं, पण पाय उचलेनात. ती लाज मी अजून विसरलेलो नाही.

त्या संध्याकाळी संतोष भडकला. "हा पहारा करतोय का? उद्या तुला काही झालं म्हणजे? कंपनीतल्या एकाचं बारवी धरणाकडे शेत आहे. तिकडे सोडतो याला. मोकळा राहील."

मोकळा! ऊन शोधणारा, टकला, जड कुत्रा जंगलाच्या कडेला किती दिवस मोकळा राहणार?

आई माझ्या कुशीवरून हात फिरवत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "संतोष, मला पण असंच झालं होतं रे. केस गेले, थंडी वाजायची, नुसती झोप. याची थायरॉईडची टेस्ट कर."

"आई, काय पण! कुत्र्याला कधी थायरॉईड असतो का?"

"गळा त्याला पण आहेच ना!"

प्राण्यांच्या डॉक्टर मैत्रेयींनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी कातडी पाहिली, छातीचे ठोके मोजले, रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "काकू, तुम्ही बरोबर ओळखलंत. नुसता थायरॉईड कमी दिसला असता तर मी थांबले असते, दुसऱ्या आजारातही तो कमी येतो. पण थायरॉईडला कामाला लावणारा याचा टीएसएचसुद्धा वाढलाय. गोळ्या जन्मभर द्याव्या लागतील. शंभर मायक्रोग्रॅमच्या सहा सकाळी, सहा संध्याकाळी. दोनेक आठवड्यांत तरतरी येईल, केसांना काही महिने लागतील."

संतोष म्हणाला, "एक महिना बघतो. नाहीतर बारवी."

घरी आल्यावर आईंनी चष्मा लावून बाटली वाचली. मग स्वतःची बाटली आणून शेजारी ठेवली. "मला पन्नासची एक, आणि या मुक्या जीवाला शंभरच्या सहा? काळीज बंद पडेल की त्याचं! डॉक्टरीणबाई लिहिताना चुकल्या." त्यांनी सहातली एकच गोळी माझ्या जिभेवर ठेवली. पुढेही तसंच. सकाळी एक, संध्याकाळी एक. संतोषला त्यांनी काही सांगितलं नाही.

मी दिवस काढत होतो. बरा होत नव्हतो. बाटलीकडे बघून कुंई कुंई करायचो, तर आई म्हणायच्या, "झाली रे तुझी गोळी." संतोष रोज कामावरून आला की माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. एवढ्या मायेने मला मरणाकडे ढकललं जात होतं, आणि राग तरी कुणावर धरायचा?

महिना संपला. रविवारी सकाळी दारात टेम्पो आला. संतोषने माझ्या गळ्यात साखळी अडकवली. त्याचेही डोळे लाल होते. मला टेम्पोत चढता येईना, म्हणून त्याने मागून उचललं. तेवढ्यात आई पिशवी घेऊन आल्या.

"याच्या गोळ्या. तिथल्या माणसाला बजावून सांग, एका वेळी एकच द्यायची."

संतोषने पिशवीत हात घातला. तीनपैकी दोन बाटल्यांची सीलंसुद्धा फुटलेली नव्हती.

"आई, या संपायला हव्या होत्या. तू याला देतेस तरी किती?"

आई म्हणाल्या, "सहा कशा देऊ रे? मी एवढी मोठी बाई पन्नासची एक घेते."

संतोष तसाच टेम्पोच्या फळीवर बसला. फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून डॉक्टर मैत्रेयी म्हणाल्या, "काकू, कुत्र्याचं शरीर हे औषध फार लवकर बाहेर टाकतं. माणसाचं माप त्याला लावू नका. आज संध्याकाळपासून सहा सुरू करा. राहिलेल्या भरून काढायला जास्त मात्र देऊ नका."

संतोषने साखळी सोडली. टेम्पोवाल्याला म्हणाला, "भाई, तू जा. कुत्ता नहीं जा रहा."

दहाव्या दिवशी मी आपणहून उठून संतोषच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. पुढच्या तपासणीला, गोळ्या दिल्यावर पाचेक तासांनी रक्त घेतलं. औषध जरा जास्त होत होतं, म्हणून डॉक्टरांनी सहाच्या पाच केल्या. आता कुशींवर बारीक लव फुटली आहे.

बाबांनो, तुमचं जनावर सुस्तावलं, विनाखाज टकलं झालं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्या. आणि त्यांनी लिहिलं असेल तेवढंच द्या. भीतीपोटी कमी नको, घाईने जास्त नको.

आई रोज सकाळी तळहातावर पाच गोळ्या ठेवतात आणि मला देण्याआधी संतोषला हाक मारतात, "ये बाबा, तू पण एकदा मोज." तो मोजतो. मग त्या माझं डोकं छातीशी धरून म्हणतात, "चुकले रे मी." माझं दुखणं ओळखलं ते यांनीच, आणि नकळत मला घालवायला निघाल्या होत्या त्याही याच. मी त्यांचा हात चाटतो. याहून मोठ्याने माफ केलं असं सांगता आलं असतं, तर सांगितलं असतं.