मॅडमचं मेडिकल

मोहाडीच्या बाजाररोडला ‘लिलाधर मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ असा चांगला सहा फुटी बोर्ड आहे, आणि अख्ख्या मोहाडीत हे नाव कोणी घेत नाही. मॅडमचं मेडिकल, एवढंच म्हणतात. बोर्डवरची अक्षरं लिलाधरनं स्वतः पसंत केली होती, स्वतःचं नाव लाल आणि बाकीचं निळं. इतकं करूनही लोक त्याला मॅडमचे मिस्टर म्हणून ओळखत. हे त्याला किती झोंबत असेल, ते तो कोणाला सांगत नसे. पण चेहऱ्यावरून लपतही नसे.

मॅडम म्हणजे त्याची बायको, प्रेरणा. दोघं भंडाऱ्याला डी. फार्मच्या एकाच वर्गात होती. पहिल्या वर्षी हुशार कोण, तर लिलाधर. औषधांची अवघड नावं त्याच्या जिभेवर असत, आणि कॉलेजच्या व्हरांड्यात बसून त्यानं ती प्रेरणाकडून पाठ करून घेतली होती. हे खरं आहे, आणि तो ते अजूनही सांगतो, न विचारता सांगतो. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीत तो गचकला. पुन्हा बसला, पुन्हा गचकला. तिसऱ्यांदा त्यानं फॉर्मच भरला नाही. प्रेरणा पहिल्याच झटक्यात पास झाली, फार्मसी कौन्सिलची फी भरून तिनं नाव नोंदवलं, आणि वर्षभरानं दोघांचं लग्न झालं. लिलाधरचे वडील तुलाराम जन्मभर तलावात मासे धरत आलेले. पोराला कोरड्या जागी बसून करायचा धंदा काढून द्यावा, असं त्यांच्या मनात होतंच. मेडिकलला नोंदणी असलेला फार्मासिस्ट लागतो. तो सून म्हणून घरातच आला.

नोंदणीचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं असतं. लिलाधरनंच ते फ्रेम करून काउंटरच्या मागे टांगलं. रोज सकाळी शटर उघडलं की तो फडक्यानं त्याची काच पुसायचा. बायकोचा दोन वेण्यांतला फोटो, तिचा नोंदणी क्रमांक आणि खालची गोल मोहोर दिसली की त्याच्या पोटात बारीकसं दुखायला लागायचं. दुकान भरून औषधं होती, पण या दुखण्यावर त्यातलं एकही चालत नव्हतं.

गिऱ्हाइकंही अशी, की जखमेवर नेमकं बोट ठेवत. कुंताबाई दुपारी यायची आणि लिलाधरच्या खांद्यावरून आत बघायची.

“मॅडम कुटं हाय?”

“जेवाले गेली. मले सांगा ना, काय पायजे?”

“नाई बा. येऊ दे तिले. मले काही घाई नाई.”

आणि ती बाकावर अर्धा तास बसून राहायची. तिला हवी असलेली गोळी लिलाधरनं डोळे मिटून काढून दिली असती. कुठली गोळी कुठल्या कप्प्यात, कशाची मुदत कधी संपते, कोणत्या कंपनीचा माल परत करायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात. पण प्रेरणा आली की कुंताबाईचं तोंड खुलायचं, दोघी कुजबुजायच्या, आणि जाताना म्हातारी प्रेरणाच्या गालावरून हात फिरवून जायची. लिलाधरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो उगाचच बिस्किटांचे पुडे इकडचे तिकडे करायचा.

त्या हिवाळ्यात त्यानं आणखी एक अपमान गिळला. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं. फी भरायची आणि दोन दिवसांच्या रिफ्रेशर कोर्सचा दाखला जोडायचा. कोर्स भंडाऱ्याला होता. लिलाधर तिला मोटारसायकलवर घेऊन गेला. हॉलच्या दारातच एका पोरीनं प्रेरणाच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं, हातात फाइल दिली, जेवणाचं कुपन दिलं, आणि लिलाधरकडं बघून विचारलं, “सर, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर?” त्यानं नकाराची मान हलवली. मग दोन्ही दिवस तो समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खात बसला. आत त्याच्याच वर्गातली माणसं पंगतीला होती, आणि त्यातली निम्मी त्याच्या वह्या वाचून पास झालेली.

हे सगळं एक वेळ त्यानं सोसलं असतं. पण फेब्रुवारीत प्रेरणानं आणखी एक बातमी आणली. सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकाऱ्याच्या जागा निघाल्या होत्या, तिनं परीक्षा दिली होती, आणि यादीत तिचं नाव आलं होतं. पाच एप्रिलला भंडाऱ्याला कागदपत्रं तपासणार होते.

“मस्त झालं,” लिलाधर म्हणाला. त्याच्या आवाजावरून कोणालाही वाटलं असतं, की याच्या दाढेत कळ आली.

“अजून माहं काही ठरलं नाई जी,” प्रेरणा म्हणाली. “तुमाले काय वाटते?”

“मले काय वाटाचं? तू त अधिकारी होऊन राहिली.”

ती गेली तर दुकानाचं काय, ही काळजी चारचौघांत सांगण्यासारखी होती, आणि लिलाधर ती स्वतःलाही सांगत होता. पण खरी गोष्ट साधी होती, आणि ती आपण सरळ म्हणून टाकू: त्याला तिचा हेवा वाटत होता. इतका, की रात्री ती शेजारी शांत झोपलेली दिसली तरी राग यायचा. आपण शिकवलेली पोरगी आपल्याला मागं टाकून गेली, आणि आता आणखी पुढं चाललेली, हे त्याला बघवत नव्हतं.

आणि नेमकी याच वेळी तिच्या नोंदणीची किल्ली त्याच्या हातात होती. दहा वर्षांपूर्वी नाव नोंदवताना प्रेरणाजवळ मोबाइल नव्हता. फॉर्मवर नंबर दिला होता लिलाधरचा. मागच्या खेपेला मेसेज त्यालाच आला होता, आणि फी त्यानंच भरली होती. या खेपेचा मेसेज मार्चच्या एक तारखेला आला. एकतीस मार्चपर्यंत नूतनीकरण करा, अन्यथा नोंदवहीतून नाव कमी होईल. लिलाधरनं तो दोनदा वाचला आणि पुसून टाकला.

आधी तो स्वतःला म्हणाला, की उद्या भरू. मग म्हणाला, आठवडाभरानं भरू. मग त्याच्या मनानं हिशेब मांडला: एकतीसला नाव गळालं, की पाच तारखेला टेबलामागचा बाबू प्रेरणाला म्हणेल, मॅडम, तुमची नोंदणी चालू नाही. ती रडवेली होऊन बाहेर येईल. लिलाधर तिला धीर देईल, रसवंतीवर नेईल, मागाहून दंड भरून नाव पुन्हा चढवून आणेल. नोकरी जाईल, दुकान राहील. आणि मधले चार-आठ दिवस, फक्त चार-आठ दिवस, ती त्याच्यासारखीच असेल, बिननोंदणीची. या विचारानं त्याला जो गारवा वाटला, तो सांगायला लाज वाटावी असा होता.

प्रेरणा रोज संध्याकाळी शटर ओढताना विचारायची, “काही मेसेज-गिसेज आला का जी?”

“कंपन्याइचे येते. बकवास.”

ती त्याच्याकडं थोडा वेळ बघायची आणि कुलूप लावायची. वीस तारखेला दुसरा मेसेज आला. तोही पुसला गेला. शेवटच्या दोन दिवसांत लिलाधरचं जेवणावरून मन उडालं. एकदा त्यानं मोबाइल हातात घेऊन फी भरायचं पान उघडलंसुद्धा. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, मॅडमले बोलवा. त्यानं ते पान बंद केलं.

पाच एप्रिलला दोघं सकाळीच निघाली. वरठीजवळ रेल्वेचं फाटक लागलं, तेव्हा मागं बसलेल्या प्रेरणानं फाइल छातीशी धरली होती, आणि लिलाधर आरशात तिच्याकडं बघायचं टाळत होता. ती आत गेली. तो बाहेर कडुनिंबाखाली उभा राहिला. अर्धा तास झाला, तास झाला. आता बोलणं झालं असेल, आता तोंड पडलं असेल. त्याला मजा वाटायला हवी होती, पण तो सारखा दाराकडं बघत होता.

प्रेरणा बाहेर आली. रडलेली नव्हती.

“काय झालं?”

“झालं. पवनीले देल्ली पोस्टिंग. सात दिवसांत हजर व्हाचं हाय.”

“अन् नोंदणीचं?” हे तोंडातून निघून गेलं, आणि आपण काय बोललो ते लिलाधरला त्याच क्षणी कळलं. “म्हंजे... काही इचारलं नाई का?”

प्रेरणानं फाइल मोटारसायकलच्या सीटवर ठेवली.

“काहून इचारतीन? एकतीस तारखेच्या दुपारी तहसीलसमोरच्या सेंटरवर जाऊन भरली ना मी फी. नंबरबी बदलवून घेतला.” तिचा आवाज चढला नव्हता. “आमच्या बॅचचा ग्रुप हाय. एक तारखेले सगळ्याइले मेसेज आला. मले एकटीलेच कसा नाई येईन?”

त्या ग्रुपमध्ये सगळे नोंदणीवाले, म्हणून लिलाधर मागंच त्यातून तावातावानं बाहेर पडला होता. तिथं काय चाललंय, याचा त्यानं विचारच केला नव्हता.

“मी इसरलो होतो,” तो म्हणाला.

“रोज इचारत होती मी तुमाले. आयका. तुमी एकडाव जरी म्हटलं असतं ना, प्रेरणा, मेसेज आला, चाल फी भरू, त मी आज इथं आली नसती. माहं मनातल्या मनात ठरलं होतं. दुकान दोघाइनं मिळून उभं केलं, ते सोडून नाई जाचं. एकतीसच्या दुपारपर्यंत वाट पाह्यली मी.”

लिलाधरला बोलायला बरंच होतं. व्हरांडा होता, वह्या होत्या, कुंताबाई होती, पोहे होते. त्यानं किक मारली आणि ती मागं बसली.

पुढच्या सोमवारी ती पवनीला गेली. रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथं खोली घेतली. जाण्याआधी तिनं प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं, टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवलं, आणि लिलाधरच्या हातात एका पत्राची प्रत दिली: अमुक तारखेपासून मी सदर दुकानाची फार्मासिस्ट नाही. मूळ पत्र तिनं आधीच औषध प्रशासनाला पाठवलं होतं.

“नवा माणूस भेटेपर्यंत औषध विकू नोका,” ती म्हणाली. “लायसन जाईन. राह्यलेला पेपर द्या जी तुमी. येते तुमाले.”

सासऱ्यांच्या पाया पडून ती बसमध्ये बसली. नवा माणूस काही सापडला नाही. एक भंडाऱ्याचा पोरगा म्हणाला, सर्टिफिकेट लावतो पण बसायला येणार नाही. आणि कार्यालयात पत्र गेलेलं असताना असलं काही करायची लिलाधरची छाती नव्हती. तो रोज शटर उघडून साबण, पावडर आणि लहान पोरांच्या दूध पाजायच्या बाटल्या विकत बसू लागला.

बाजाराच्या दिवशी मंगरू आला. तुलारामांच्या बरोबरीनं तलावात जाळं टाकणारा माणूस, लिलाधरला लहानपणापासून ओळखणारा. बायकोच्या बीपीच्या गोळ्या कालच संपल्या होत्या. रिकामं पाकीट त्यानं काउंटरवर ठेवलं.

“मॅडम नाई काका,” लिलाधर म्हणाला. “ते आता पवनीले राह्यते.”

“मालूम हाय गा. मॅडम नाई त का झालं? तू हाय ना. नऊ वर्सं झाली तुले या दुकानात. तिले त तूच शिकवलं म्हंते तुहा बाप. लोकं उगाच मॅडम मॅडम करून राह्यते. खरं जानते ते तूच.”

इतकी वर्षं हे एक वाक्य ऐकायला त्याचे कान तरसले होते. गोळी तिसऱ्या कप्प्यात, डावीकडून दुसऱ्या डबीत होती. त्याचा हात तिकडं गेलाही. डबी त्यानं बाहेर काढली, आणि हात तिथंच थांबला.

“आपल्याकडं नाई काका. बस स्टँडवाल्या मेडिकलात पाहा.”

“अरे, हातात त हाय डबी. हेच पाकीट हाय का नाई, तेवढंच पाहून दे. का समजत नाई तुले?”

कायदा सांगायचा तर प्रेरणाचं नाव घ्यावं लागत होतं. नोंदणी सांगायची तर ती तिची होती. लिलाधरनं डबी परत कप्प्यात सरकवली.

“नाई समजत,” तो म्हणाला.