सासूबाईंच्या दोन स्लाइड

आमच्या लॅबमध्ये ऑब्जेक्टिव्ह हा शब्द तिघांच्या तोंडी तीन तऱ्हांनी येतो. माझ्यासाठी ते मायक्रोस्कोपचं खालचं भिंग. साहेबांसाठी फॉर्ममधलं वर्षाचं उद्दिष्ट. आणि सासूबाईंसाठी? रिपोर्ट लिहिताना आपलं-परकं बघायचं नाही, बस्स! त्या घरी 'आई', इथे 'मॅडम', आणि माझ्या वाट्याची बोलणी दोन्हीकडे सारखीच.

नियम त्यांचाच. दर सोमवारी मागच्या आठवड्यातल्या वीस स्लाइडच्या नंबरांवर कागद चिकटवायचा आणि दुसऱ्यानं त्या पुन्हा बघायच्या. ज्याच्या दोन चुका निघतील त्यानं मायक्रोस्कोपवरून उठायचं.

या सोमवारी माझी पाळी होती. 'मलेरिया नाही' म्हणून रिपोर्ट गेलेल्या दोन स्लाइडमध्ये मला जंतू ढळढळीत दिसले. कागद काढून रजिस्टर पाहिलं. दोन्हीपुढे सासूबाईंची सही! तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेली बाई. खुर्ची गेली तर त्यांनी करायचं काय?

"आई," मॅडम म्हणायचं विसरून मी म्हटलं, "भिंगाला तेल चिकटलं असेल हो."

"बिचाऱ्या भिंगावर ढकलू नकोस." त्यांनी साहेबांना बोलावून स्वतःच्याच मायक्रोस्कोपवर तीच स्लाइड दाखवली.

"दिसतात की," साहेब म्हणाले.

मग सासूबाईंनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "मला नाही दिसत," म्हणाल्या.

साहेब गेल्यावर मी पुटपुटले, "रिपोर्ट गुपचूप बदलू या ना. कोणाला काय कळतंय?"

अशा तापल्या म्हणता! "तिकडे माणसं तापानं फणफणलीत, आणि तुला माझ्या अब्रूची पडलीय?"

त्या दोन्ही पेशंटना त्यांनी स्वतः फोन लावला. "चूक माझी झाली. आत्ताच्या आत्ता या." एकानं त्यांना यथेच्छ सुनावलं. त्या आपल्या "बरोबर आहे तुमचं" एवढंच म्हणत राहिल्या. त्या माणसाचा मला भारी राग आला, आणि सासूबाईंचा अभिमान किती वाटला ते सांगता सोय नाही.

तासाभरात दोघं आले. पुन्हा रक्त घेतलं. सासूबाईंनी नवी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस."

मी बसले. समोरचं काही दिसेना.

"आधी डोळे पूस, वेडाबाई."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या मागे उभ्या राहिल्या. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना जे विचारत आलो, ते त्यांनी मला विचारलं, "बघ गं, काय दिसतंय?"