प्लॅस्टिकची फुले आणि बेंदराचे पुरण

मित्रांनो, शिरवळच्या एका खानावळीत गल्ल्याशेजारी पोटात प्लॅस्टिकची फुले घेऊन बसलेले पितळी यंत्र कदाचित तुम्ही पाहिले असेल. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. मी आहे एक जुने पुरणयंत्र, आणि फुलदाणी होणे मला कधीच आवडले नाही.

माझा जन्म सांगलीचा. रंगूबाईंचे वडील फौजेतून सुट्टीवर आले, तेव्हा लेकीच्या रुखवतासाठी त्यांनी मला पसंत केले. पुढे सासरी होळी असो की बेंदूर, शिजलेली डाळ आणि गूळ गरमागरम माझ्यात पडे, रंगूबाई दांडा फिरवत आणि चाळणीतून मऊसूत पुरण खाली उतरे. शेजारणी मला मागून नेत. माझ्या भोकांत पुरण वाळवून परत आणणारीला मात्र रंगूबाई पुढच्या सणाला मला देत नसत. त्याचे मला फार समाधान वाटे.

मग त्यांच्या सुनेने, क्रांतीने, खानावळ काढली. मटणाच्या ताटाने तिचे नाव झाले. वाटणाला मोठा मिक्सर आला आणि माझी रवानगी गल्ल्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

यंदा क्रांतीने एक नवे काम अंगावर घेतले. इथल्या कारखान्यांना बेंदराची सुट्टी नसते. तिथे कामाला जाणाऱ्या बायका मातीचे बैल आणून पुजतात, पण पुरणाचा घाट घालून पाळीला पोचायचे कसे? अशा बऱ्याच घरांना तिने नैवेद्याचे डबे कबूल केले. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई. दुपारच्या पाळीआधी घरोघरी नैवेद्य दाखवून व्हायला हवा होता.

रंगूबाईंना हे रुचले नाही. "इकतचा निवद देवाला दावायचा? घरच्या बाईचा हात नगं लागाय त्याला?" त्या म्हणाल्या. "आपल्या घरचा मी येगळा करनार."

क्रांतीचा चेहरा पडला. मला वाईट वाटले. घरोघरच्या देवाचे काम तिने अंगावर घेतले होते, आणि घरचीच माणसे नाक मुरडत होती.

बेंदराच्या सकाळी आचारी जोतिबाने डाळ मिक्सरला लावली. रंगूबाई कोपऱ्यात वेलदोडे सोलत होत्या. निम्मे पुरण वाटून झाले आणि त्यांनी मान वर केली.

"जोतिबा, ह्या भांड्यात काल काय वाटलं हुतंस?"

"कांदा-लसणाची चटणी, आजी. पर सोडा लावून लय घासलंय."

रंगूबाईंनी झाकणातली रबरी कडी उपसून नाकाशी धरली आणि सुनेपुढे केली. भांडे लखलखीत होते. लसूण त्या रबरात दडून बसला होता.

"वैनी, वेलदोडं जरा जास्त टाकू," जोतिबा हळूच म्हणाला. "निवदाच्या आदी कोन चाखतंय? कुनाला कळनार हाय?"

त्याचे म्हणणे खरेच होते. नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी बोटसुद्धा लावत नाही. क्रांती पातेल्याकडे बघत उभी राहिली. मी वरून पाहत होते आणि मला धीर धरवत नव्हता.

"कोनी चाखत न्हाई, म्हनून तर भरवसा ठेवलाय त्यांनी," ती म्हणाली. "हे बाजूला काढ, जोतिबा. आपन निवदानंतर खाऊ. डाळ परत शिजाय घाल."

रंगूबाई सुनेकडे बघतच राहिल्या. मग तरातरा गल्ल्याशी आल्या, फुले उपटली आणि मला चिंचेने घासून कढत पाण्यातून काढले. उरलेली गरम डाळ माझ्यात पडली. दांडा आधी कुरकुरला. इतक्या वर्षांनी पोटात ऊब आली, मित्रांनो, आणि मला रडू यायचेच बाकी राहिले.

तेवढ्यात डबे न्यायला बायका आल्या. क्रांतीने उशिराचे कारण काही न लपवता सांगितले. मयूरी नावाची एक जण कपाळाला हात लावून म्हणाली, "आता गं? कारखान्यातली पाळी हुकली म्हंजे?" पण दुसऱ्याच क्षणी तिने पदर खोचला. "बसून काय करायचं? द्या लाटनं." ती हातपाय धुऊन पोळपाटाशी बसली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या. कोणी लाटत होत्या, कोणी भाजत होत्या, आणि माझा दांडा या हातातून त्या हातात जात होता.

डबे वेळेत गेले. खानावळ शांत झाली.

"आत्या, आपल्या घरचा निवद ऱ्हायला की," क्रांती एकदम म्हणाली. "तुमची तर चूल पेटवायची हाय अजून."

रंगूबाईंनी फळीवरचा एक रिकामा डबा काढला आणि सुनेपुढे धरला.

"ह्यात भर. समद्या घरच्या बायकांचा हात लागलाय ह्याला."

क्रांतीने डबा भरला. पोळीवर तूप जरा जास्तच सोडले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कोणी माळ्यावर असेल. आम्हाला शोभेला मांडू नका. कामाला घ्या, आणि काम झाले की पुरण वाळायच्या आत धुऊन, पुसून ठेवा. माझी ती फुले अजून मोरीच्या कट्ट्यावरच पडली आहेत. ती पुन्हा माझ्यात ठेवायला जोतिबा निघाला होता. क्रांतीने त्याच्या हातून ती काढून घेतली आणि परत तिथेच टाकली.