चौकटींचा कागद

चष्म्याच्या दुकानात गेली बावीस वर्षं सकाळ एकाच पद्धतीने व्हायची. ताई ओलं फडकं घेऊन भिंतीवरचा तक्ता पुसायची आणि पुसता पुसता त्यावरची अक्षरं वरून खालपर्यंत पुटपुटायची.

"ताई, झालं का पाठ? उद्या परीक्षा घेतो," धाकटा भाऊ चिडवायचा.

"तू घेणार माझी परीक्षा? तुला पाढे कुणी शिकवले?"

दुकान त्याचं. नंबर तो काढायचा, काचा तो बसवायचा. पण काडीचे तिळाएवढे स्क्रू ताईशिवाय कुणाला जमायचे नाहीत.

कोरोनाने दोघांनाही आडवं केलं. दोघंही उठली, दुकान उघडलं, आणि पहिल्याच आठवड्यात ताई म्हणाली, "अरे, उजव्या डोळ्यासमोर मधोमध धुरकट डाग आलाय. स्क्रू बघायला जावं तर नेमका स्क्रूच गायब."

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. त्याने तिला खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला आणि तक्त्याकडे बोट केलं. ताईने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं.

"माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय तुला. अशक्तपणा आहे. दोन दिवस आराम कर," असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच टेबलाच्या खालच्या खणात चौकटींचा कागद होता. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. रेषा वाकड्या दिसल्या किंवा काही चौकटी गायब झाल्या, तर डोळ्याच्या आतला पडदा बिघडल्याची शंका घ्यायची आणि माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडायचं. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण खण उघडायला वाकावं लागलं असतं आणि गिऱ्हाइकं खोळंबली होती. कारण एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर निदान सांगता तरी आलं असतं.

महिन्याभराने ताईने लस घेतली. त्यानंतर आठवड्याने ती स्क्रू भोकात घालण्याऐवजी टेबलावरच पिळत बसलेली दिसली, तेव्हा कुठे तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"पडद्यातली नस तुंबलीय," बाई म्हणाल्या. "कोरोनानंतर काही जणांना होतं असं. लशीनंतरही झाल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी क्वचित. आणि यांचा डाग तर लशीच्या आधीचा आहे. इंजेक्शनं सुरू करू. लगेच आला असतात तर बरंच वाचलं असतं. दुकान चष्म्याचं, आणि कुणी तपासलं नाही?"

"मीच तक्ता पाठ म्हटला असणार," ताई घाईघाईने म्हणाली. "रोज पुसते ना. मला खरंच वाटलं, दिसतंय."

बहिणीने चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि त्याने ती घेऊ दिली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याने तिचा हात धरला होता, पण तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग लोक विचारू लागले. पहिल्यांदा त्याच्या तोंडून नुसतं निसटलं, "लस घेतली ना, त्यानंतर." तसं बघितलं तर खोटंही नव्हतं, डॉक्टरकडे ते लशीनंतरच गेले होते. लोक हळहळले आणि कुणी त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. आठवड्याभरात त्याने सगळं खापर लशीवर फोडून टाकलं. तो हे सांगत असताना ताईचे हात स्क्रूच्या डबीवर थांबत.

आणि एका दुपारी कोपऱ्यावरचा बेकरीवाला चष्मा न्यायला आला. त्यालाही तेच ऐकवलं गेलं.

"बरं झालं सांगितलंत," बेकरीवाला खुर्चीतून उठत म्हणाला. "आईला सोमवारी लस द्यायची होती. दम्याची आहे, वय झालंय. आता नाहीच नेत. तुमच्यासारखा जाणकार माणूस सांगतोय म्हटल्यावर."

चष्मेवाल्याने ताईकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती, मान किंचित वळवून, डाव्या डोळ्याने.

बेकरीवाल्याने दाराला हात घातला.

"थांबा," चष्मेवाला म्हणाला. "लशीने नाही झालं. डाग आधीपासून होता. ताईने मला सांगितला होता. मी तक्ता दाखवला आणि घालवून दिली तिला. तक्ता तिला पाठ आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. महिनाभर मी कानाडोळा केला. डॉक्टरांनी लशीला दोष दिलेला नाही, तो मी दिला. तुम्ही आईला सोमवारी न्या."

बेकरीवाला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला, "नेतो," एवढंच म्हणाला आणि गेला. चष्मा टेबलावरच विसरला.

दुकानात दोघंच उरली. त्याला वाटलं, आता ताई रडेल, नाहीतर लहानपणी वाजवायची तशी एक कानाखाली वाजवेल. दोन्ही चाललं असतं.

"आता तो कागद काढ," ताई म्हणाली.

तो वाकला. खण लगेच उघडला. त्याने कागद तिच्यासमोर धरला, तिने स्वतःच डावा डोळा झाकला.

"सांग," तो म्हणाला.

ती बोटाने कडा दाखवत गेली, तो पेन्सिलने मागोमाग रेघ ओढत गेला. कागदाच्या मधोमध, ठिपक्याला धरून, हाताच्या अंगठ्याएवढा तुकडा वेगळा झाला. एवढ्या दिवसांत तो केवढा आहे हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"आत काहीच नाही?"

"काही नाही. तुझं तोंड पण त्यातच जातं."

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"तारीख घाल कोपऱ्यात," ताई म्हणाली.

"आजची?"

"मी पहिल्यांदा सांगितलं त्या दिवसाची."

त्याला कॅलेंडर बघावं लागलं नाही. ती तारीख पाठ होती.