धूळचौकीचं दार

परीक्षकानं तेरा वर्षांत चारशे बारा व्हिडिओ गेम तपासले आणि त्यांतले तीनशेच्या वर नापास केले. मासिकात त्याचं पान शेवटून दुसरं असायचं, त्यामुळे वाचक अंक मागूनच उघडत. त्यानं मारलेले टोमणे लोक तोंडपाठ म्हणून दाखवत. केलेलं कौतुक कुणाला एक वाक्यभरही आठवत नसे. यात वाचकांचा दोष अर्धाच. कौतुक करताना परीक्षकाचाही हात आखडायचा.

सगळ्यात गाजलेलं परीक्षण ‘धूळचौकी’चं. एका कॉमिकवरून केलेला गोळीबाराचा खेळ होता तो. परग्रहावर एक चौकी, चौकीला लोखंडी दार, दारासमोर एकटा शिपाई आणि धुळीतून चाल करून येणारे सहा पायांचे प्राणी. पहिले नऊ टप्पे परीक्षकाला बरे वाटले. दहाव्यात तो सव्वातीन तास गोळ्या झाडत बसला, पण प्राणी काही संपेनात. मग त्यानं लिहिलं, ‘कारागिरांनी दार झकास रंगवलंय, बिजागऱ्या बसवायच्या मात्र राहून गेल्या. हा खेळ संपत नाही, कारण तो पुरा केलेलाच नाही.’ दहापैकी तीन गुण. बिजागऱ्यांचं वाक्य लोकांनी असं उचललं की खेळ स्वतः खेळून बघायची कुणाला गरजच उरली नाही. तो बनवणारी छोटी कंपनी वर्षभरात बंद पडली. परीक्षकानं कॉमिक वाचलं नव्हतं. खेळ कशावरून घेतलाय याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही, असं तो अभिमानानं सांगे. आळसाला तत्त्व म्हटलं की त्याची लाज वाटत नाही.

याला अकरा वर्षं झाली. आता त्याच्या निवडक परीक्षणांचं पुस्तक निघत होतं आणि ‘धूळचौकी’ त्यात पहिलं होतं. प्रुफं जेवणाच्या टेबलावर पडली होती, सोमवारी परत द्यायची होती.

त्याच सुमारास ताई, त्याची थोरली बहीण, त्याच्याकडे राहायला आली. जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांची हाडं सांभाळून निवृत्त झाली आणि स्वतः घराच्या पायरीवर घसरून मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं होतं. बोटं हलती ठेवायला दिलेला रबरी चेंडू दोन दिवसांत तिच्या डोक्यात गेला. मग तिनं भावाच्या कपाटातून एक गेम काढला. का, तर खोक्यावरचं चित्र सगळ्यांत छान होतं. ते खोकं ‘धूळचौकी’चं होतं.

एक्कावन्न वर्षांच्या भावाला ती अजून बाळ म्हणे. रोज दुपारी ती सोफ्यावर मांडी घालून, जीभ ओठांत धरून खेळायची आणि प्रत्येक प्राण्याला गोळी लागली की ‘सॉरी हं’ म्हणायची. परीक्षकानं तिला समजावलं की ते शत्रू आहेत. त्यावर तिनं, ती जागा आधी कुणाची होती, त्यांची की आपली, असं विचारलं. परीक्षक हसला. नवव्या टप्प्याला त्यानं मोठ्या मनानं सांगूनही टाकलं, पुढे जाऊ नकोस, दहावा टप्पा बिघडलेला आहे.

ताई लहानपणापासून त्याचं ऐकत आली नव्हती. आताच काय ऐकणार?

शनिवारी दुपारी तिचं मनगट ठणकायला लागलं. ती दहाव्या टप्प्यात होती, समोरून प्राण्यांची रांगच्या रांग येत होती. तिनं सरळ कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मनगट चोळत बसली. मरू दे शिपायाला, असा विचार. पण शिपायानं आपणहून बंदूक खाली ठेवली आणि तो भिंतीला टेकून बसला. प्राणी थांबले. मग एकेक करून त्याच्या बाजूनं पुढे गेले. एकानंही त्याला हात लावला नाही. दार आपोआप उघडलं. चौकीच्या तळघरात त्यांची पिल्लं अडकली होती. चौकी बांधणाऱ्यांनी घरट्यावरच फरशी घातली होती. प्राण्यांनी पिल्लं पाठीवर घेतली आणि धुळीत निघून गेले. पडद्यावर नावं चढायला लागली.

परीक्षक हातात प्रुफांचा कागद घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं.

“काय सुंदर शेवट आहे रे,” ताई डोळे पुसत म्हणाली. “शेवट कळू नये म्हणून बिघडलाय म्हणालास होय! तुला आवडला असेल ना तेव्हा?”

“हो,” परीक्षक म्हणाला.

हे ‘हो’ त्याच्या तोंडून इतकं झटकन गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कानशिलं तापली. मग माणसं करतात तेच त्यानं केलं, पळवाट शोधली. खेळ नंतर दुरुस्त झाला असेल, ही डिस्क नंतरची असेल. खोकं उलटून पाहिलं तर मागं त्याच्याच अक्षरात तारीख होती आणि त्याच्याच अक्षरात ‘३’. डिस्क तीच होती. खेळाला हवं होतं एक मिनिट. त्यानं सव्वातीन तास दिले होते, आणि त्यांत ते एक मिनिट नव्हतं.

मग त्यानं माळ्यावरची जुनी पत्रांची फाइल काढली. कॉमिकच्या चित्रकर्तीचं एक पत्र आलं होतं हे त्याला पुसटसं आठवत होतं. पत्र चार ओळींचं होतं. तुम्ही कॉमिक वाचलेलं दिसत नाही, दहाव्या टप्प्यात गोळी न झाडता एक मिनिट बसा आणि मग काय ते लिहा, इतकंच. राग नव्हता, विनवणीही नव्हती. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत परीक्षकाचा शेरा होता: ‘रडगाणं. उत्तर नको.’

रात्री जेवताना ताईनं भाजी वाढली. ती नेहमीसारखंच बोलत होती, मध्येच म्हणाली, “तुझ्या पुस्तकातलं पहिलं परीक्षण वाचलं बरं का.” आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पत्रावर पत्ता होता. रविवारी सकाळी तो गेला. चित्रकर्ती तिथेच राहत होती, तिसऱ्या मजल्यावर. पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेला, बोटांना शाई. टेबलावर कामाचे कागद होते. घरी जोडायच्या फर्निचरबरोबर सूचनांची जी चित्रं येतात, तशी ती काढायची. समोरच्या कागदावर कपाटाचं दार होतं.

त्यानं नाव सांगितलं. तिनं खुर्चीवरचे कागद उचलून त्याला जागा करून दिली.

“बिजागऱ्याच काढतेय,” ती म्हणाली. “अकरा वर्षं झाली. आता डोळे मिटूनही येतात.”

यावर हसावं की नाही हे परीक्षकाला कळेना. येताना त्यानं भाषण जुळवलं होतं, त्यातलं निम्मं जिन्यातच सांडलं. उरलेलं त्यानं सांगितलं: बहिणीमुळे कसं समजलं ते, पत्राचं, लाल शेऱ्याचंही. पुढे कॉमिक काढलं नाहीत का, असंही विचारलं. तिसरा भाग अर्धा झाला होता, पण खेळ पडल्यावर प्रकाशकानं हात वर केले, असं ती म्हणाली. स्वतःपेक्षा तिला खेळ बनवणाऱ्या पोरींचं वाईट वाटलं होतं. तो शेवट तसाच राहावा म्हणून त्या पोरी कंपनीत सगळ्यांशी भांडल्या होत्या.

मग परीक्षकानं आपली भेट पुढे केली. पुस्तकातून ते परीक्षण तो काढून टाकणार होता. उद्याच.

चित्रकर्तीनं चष्मा डोळ्यांवर घेतला.

“ते तुमच्यासाठी झालं,” ती म्हणाली. “झाकली मूठ. माझ्या वाट्याला काय येणार त्यातून? ते वाक्य लोकांच्या तोंडी आहे, तुम्ही पान फाडल्यानं ते विसरणार आहेत का?”

“मग मी काय करू?”

“छापा. जसंच्या तसं छापा, अक्षर बदलू नका. आणि खाली लिहा की तुम्ही खेळ संपवला नव्हता.”

हे पहिलंच पान आहे, असं तो पुटपुटला. माहीत आहे, असं म्हणून ती पुन्हा कागदाकडे वळली. जाऊ द्या हो, झालं गेलं, असं ती म्हणेल या आशेवर तो आणखी जरा वेळ बसला. ती म्हणाली नाही. तिनं चहा विचारला, तो नको म्हणाला, आणि दोघांनाही हायसं वाटलं.

घरी येऊन त्यानं टीप लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात मासिकाची मुदत होती, डोकेदुखी होती, त्या महिन्यातले आणखी पाच खेळ होते. ताईनं वाचून विचारलं की हा आजारपणाच्या रजेचा अर्ज आहे का. दुसऱ्या खर्ड्यात डोकेदुखी गेली, पण मुदत राहिली. तिसरा त्यानं लिहायच्या आधीच फाडला.

“आधी तो टप्पा तरी संपव, बाळ,” ताई म्हणाली.

दोघं सोफ्यावर बसले. प्राणी आले. परीक्षकानं दात आवळून कंट्रोलर नुसता धरला. वीस सेकंद, तीस सेकंद. चाळिसाव्याला अंगठा आपसूक दाबला गेला आणि पुढचा प्राणी कोसळला. दुसऱ्या खेपेला पन्नासाव्याला. चारशे बारा गेम खेळलेल्या माणसाला एक मिनिट गप्प बसवत नव्हतं. त्यानं कंट्रोलर गालिच्यावर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

शिपायानं बंदूक खाली ठेवली. प्राणी बाजूनं गेले, पिल्लं घेऊन आले. शेवटचा एक जण शिपायापाशी क्षणभर थांबला आणि मग निघून गेला. पडद्यावर नावं चढली. अकरा वर्षांपूर्वी त्यानं त्यांतलं एकही वाचलं नव्हतं. आज त्यानं सगळी वाचली. चौदा जण होते. चित्रकर्तीचं नाव शेवटी होतं.

सोमवारी प्रुफं गेली. पहिल्या परीक्षणात एका अक्षराचा बदल नव्हता, बिजागऱ्या होत्या तिथेच होत्या. खाली बारीक टाइपात टीप होती. प्रकाशकानं फोन करून दोनदा विचारलं, हे खरंच छापायचं का, ही तर तुमची सगळ्यात गाजलेली ओळ. परीक्षक हो म्हणाला. या वेळी ते ‘हो’ निघायला बराच वेळ लागला, आणि फोन ठेवल्यावरही त्याची कानशिलं तापलेलीच होती.

टीप अशी होती: ‘खेळ पुरा होता. मी तो संपवला नाही आणि संपत नाही असं लिहिलं. मूळ कॉमिकच्या चित्रकर्तीनं मला तेव्हाच पत्रानं कळवलं होतं. मी उत्तर दिलं नाही. दहाव्या टप्प्यात बंदूक खाली ठेवून एक मिनिट बसावं.’

खाली चौदा नावं.