तीन भोकांचं चाडं

ज्वारीच्या पेरणीला पाच दिवस उरले असताना गोजरबाईंचं चाडं ओट्यावरून पडलं आणि काठापासून तळापर्यंत तडकलं. चाडं म्हणजे तिफणीवर बसणारी लाकडी वाटी. पेरणारी बाई मुठीतलं बी तिच्यात सोडत चालते आणि तळाच्या तीन भोकांतून ते नळ्यांवाटे तीन ओळींत पडतं. गोजरबाईंनी ते फडक्यात गुंडाळलं आणि भिवा मिस्त्रींच्या घरी आणलं.

“दादा, तुमच्याच हातचं हाय. नवं करून द्या. दुसऱ्या कुणाच्या चाड्यावर माझी मूठ चालत न्हाई.”

मिस्त्रींनी चाडं घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. हातात धरलं की ते थरथरायला लागायचं. दीड वर्षापासून त्यांच्या उजव्या हाताला कापरं भरलं होतं. गावात कुणी काम आणलं तर ते ‘लाकूडच चांगलं येईना आता’ म्हणून परत पाठवत. गोजरबाईंशी मात्र त्यांना खोटं बोलवेना.

“हात ऱ्हाईला न्हाई बाई माझा.”

गोजरबाईंनी चाडं पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं. “मंग दुसऱ्याच्या हातून करून घ्या,” त्या म्हणाल्या, “पर तुमी समोर उभे ऱ्हावा.” आणि चाडं तिथंच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री वाळलेल्या बाभळीचे दोन ठोकळे आणि तडकलेलं चाडं पिशवीत घालून अंबडच्या एसटीत बसले. अंबडला त्यांच्या जुन्या ओळखीचे महेमूदभाई राहायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या एका खोलीत स्वतःच्या हौसेसाठी मशीन जुळवलं होतं. जुन्या प्रिंटरच्या मोटारी, लोखंडी सांगाडा, वर गरगर फिरणारं कटर. कुठं जायचं, किती खाली उतरायचं हे त्या कटरला कॉम्प्युटर सांगायचा. महेमूदभाई त्यावर दाराच्या पाट्या नि लाकडातली फुलं कोरत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते कौतुकानं दाखवलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, “खेळणं चांगलं हाय.” आज तेच वाक्य त्यांना वाटेवर टोचत होतं.

महेमूदभाईंनी तो विषय काढला नाही. चहा झाला, आणि त्यांनी विचारलं, “भोकं कशी पाहिजेत, मिस्त्री?”

“वर रुंद, खाली निमुळती. वर अंगठा जावा, खाली करंगळी अडकावी.”

“कुणाची करंगळी?” महेमूदभाई हसले. “मशीनला आकडा लागतो.”

मिस्त्रींकडे आकडा नव्हता. चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. शेवटी महेमूदभाईंनी अंदाजानं माप घातलं आणि मशीन सुरू केलं. कटरनं आधी ठोकळा पोखरून वाटी केली, मग ते तिच्या तळाशी उतरलं, एक गोल कापला, जरा खाली गेलं, त्याहून लहान गोल कापला. तास-दीड तासात तीन भोकं तयार झाली. लांबून बघणाऱ्याला ती अगदी बरोबर वाटली असती. मिस्त्रींनी डोळे मिटून बोट आत घातलं.

“पायऱ्या हायत.”

“अर्ध्या मिलिमीटरच्या. डोळ्याला दिसत पण न्हाईत.”

“दाण्याला दिसतात.”

महेमूदभाईंचा चेहरा जरा उतरला. त्यांनी आत जाऊन मूठभर ज्वारी आणली आणि वाटीत सोडली. दाणे उतरले, पण चार-पाच आतल्या कडेला चिकटून राहिले. महेमूदभाई वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. “घासकागद मारू?”

“पायरी जाईल, पर भोक लंबुळकं होईल.”

तेवढ्यात लाईट गेली. दुपारचं भारनियमन, तीन तासांची निश्चिंती. दोघं अंगणात येऊन बसले. मिस्त्री फुटलेलं चाडं मांडीवर घेऊन भोकांतून बोट फिरवत होते. महेमूदभाई त्यांच्या बोटाकडे बघत होते. एकदम ते उठले.

“मेणबत्त्या हायत घरात. मेण ओतू या.”

त्यांनी फुटलेल्या चाड्याच्या भोकांना आतून तेल लावलं, खालची तोंडं चिखलानं बंद केली आणि मेण वितळवून ओतलं. थंड झाल्यावर खालून ढकललं तेव्हा मेणाच्या तीन गुळगुळीत खुंट्या हातात आल्या. महेमूदभाईंनी मापपट्टी लावली. एक मोजली, दुसरी मोजली, पुन्हा पहिली मोजली.

“मिस्त्री, ही तिन्ही सारखी न्हाईत. मधली बारीक हाय.”

“असं कसं?” मिस्त्रींनी मधली खुंटी चिमटीत धरली. खरंच बारीक होती. आपण चुकलो होतो की काय, या विचारानं त्यांचा चेहरा पडला. मग ते हळूहळू आठवत बोलले. “मधली नळी सरळ उभी असती. बी धाडकन जातं. बाजूच्या तिरप्या. आमचा बाप म्हणायचा, मधल्याला आवर. मी बी आवरत गेलो. किती ते कधी बघितलं न्हाई.”

“आता बघा,” महेमूदभाई म्हणाले आणि वहीत तिन्ही मापं लिहिली.

लाईट आल्यावर त्यांनी दुसरा ठोकळा चढवून गोल टोकाचं कटर लावलं. या वेळी पायरी कागदाच्या जाडीएवढीच ठेवली, त्यामुळं काम संथ चाललं. सगळं संपल्यावर टोकदार कटर लावून भोकांच्या वरच्या कडा तिरप्या मोडल्या, म्हणजे दाणा कडेवर अडायला नको. वाटीचा काठही तसाच मोडायचा होता. मिस्त्रींनी थांबवलं.

“उजव्या अंगाला जरा जास्त मोडा. दिवसभर गोजरबाईंचं मनगट तिथं घासतं.”

मग त्यांनी बोट आत घातलं. बोट थरथरत होतं, तरी ते बराच वेळ फिरवत राहिले. महेमूदभाई वाट बघत उभे होते.

“चालंल,” मिस्त्री म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “चांगलं झालं, महेमूदभाई. खेळणं न्हाई हे.”

पेरणी ठरल्या दिवशी झाली. आठवड्यानं मिस्त्री गोजरबाईंच्या रानात गेले. ज्वारीनं मान वर काढली होती. त्यांनी उकिडवं बसून तिन्ही ओळींवर वीत टेकवून बघितलं. डावी नि मधली सारखी होती, उजवी जरा विरळ.

“ती माझी चूक,” गोजरबाई म्हणाल्या. “त्या नळीत माती घुसल्ती. उशिरा ध्यानात आलं. चाड्यात खोट न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा अंबडला गेले. पिशवीत चार भोकांचं एक काळंभोर चाडं होतं.

“हे कुणाचं तडकलं?” महेमूदभाईंनी विचारलं.

“तडकलं न्हाई. माझ्या बापाच्या हातचं हाय. याचं बी माप लिहून ठेवा.”

महेमूदभाईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि आत हाक मारून मेणबत्त्या मागितल्या.